पेव, कणगी आणि काळी ज्वारी

क्लासेसचं पेव फुटलं, फार्महाऊसांचं पेव फुटलं, पुरस्कारांचं पेव फुटलं... वर्तमानपत्रवाल्यांचा हा फार लाडका वाक्प्रचार. रोज कुठे ना कुठे काहीतरी फुटतच असतं. पण पेव म्हणजे नेमकं काय, असं घरातल्या पोरांना विचारून बघा. आमच्याकडे एका भाच्याने "फुगा?" असं उत्तर दिलं. त्याला हसावं म्हटलं, तर मोठ्यांपैकीही निम्म्यांना ठाऊक नव्हतं.

पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार. मोल्सवर्थसाहेबाच्या कोशात हा शब्द आहे. पेवाचं तोंड उघडलं की आतून धान्यच धान्य निघतं, म्हणून कशाचीही रेलचेल झाली की त्याचं पेव फुटलं म्हणायचं. शब्द मूळचा भरभराटीचा.

गेले काही महिने आपल्या नगर जिल्ह्यातल्या धान्य साठवणीबद्दल मिळेल ते वाचतोय. (२०२४ साली जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पण जुन्या काळाबद्दल लिहिताना सवयीने नगरच येणार, सांभाळून घ्या.) वाचता वाचता लक्षात आलं की पेवाच्या गोष्टीत भरभराट थोडी आणि धास्ती जास्त आहे. चोराची होती, उंदराची होती, किड्याची होती. पण सगळ्यांत मोठी धास्ती ओलीची. ओल आली की बुरशी आलीच. आणि बुरशी लागलेलं धान्य फेकून द्यायची ऐपत आपल्याकडे फार थोड्यांची होती. मग ते धान्य कुणी खाल्लं? या एका प्रश्नापाशी मी अडकलो, म्हणून हा लेख.

सुरुवात अगदी लांबून करतो. संगमनेरजवळ प्रवरेच्या काठी जोर्वे नावाचं गाव आहे. १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी तिथे उत्खनन केलं, आणि तिथल्या खापरांवरून महाराष्ट्रातल्या सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकरी संस्कृतीला 'जोर्वे संस्कृती' हे नाव पडलं. नेवासे आणि दायमाबाद ही नगर जिल्ह्यातलीच, त्या लोकांची आणखी दोन ठिकाणं. पण त्यांच्या घरात डोकवायचं तर जिल्ह्याची हद्द ओलांडून शिरूर तालुक्यातल्या इनामगावला, घोड नदीच्या काठी जावं लागतं. डेक्कन कॉलेजने तिथे १९६८ ते १९८३ अशी वर्षानुवर्षं खोदाई केली. घराघरांत धान्य साठवायचे खड्डे निघाले, कणग्या ठेवायचे मातीचे गोल ओटे निघाले, मोठमोठे रांजण निघाले. गावच्या मुख्याचं म्हणून जे घर ओळखलं गेलं, त्याच्या शेजारी धान्याचं कोठार होतं. आणि यातले काही खड्डे आतून चुन्याने लिंपलेले होते.

हा चुना मला फार बोलका वाटला. जमिनीखालच्या खड्ड्याला शोभेसाठी कुणी चुना लावत नाही. मातीतली ओल धान्याला लागू नये म्हणून तो लावलेला. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वी जवाचं पीक घेणाऱ्या त्या माणसाला बुरशीचं शास्त्र ठाऊक नव्हतं, पण तिचा रस्ता ठाऊक होता.

अलीकडच्या काळातलं पेवही त्याच वळणाचं. उंचवट्यावरची, निचऱ्याची, घट्ट मातीची जागा निवडायची. वर तोंड लहान, माणूस जेमतेम उतरेल एवढं, आणि आत पोट मोठं. आत जाळ करून भिंती वाळवायच्या, तळाला आणि कडेला कडबा, वाळलेलं गवत, भुसा यांचा जाड थर द्यायचा, मग ज्वारी ओतायची. तोंडावर पुन्हा गवत, वर दगडी शिळा, वर माती. झालं. वर्ष-दोन वर्षं, कधी त्याहूनही जास्त काळ त्याकडे बघायचं नाही.

यात धान्य टिकतं कसं? तोंड बंद झाल्यावर आतलं धान्य, त्यातले किडे, सगळेच श्वास घेत राहतात. आतला प्राणवायू संपत जातो आणि कर्बवायू वाढतो. किडे गुदमरून मरतात, बऱ्याचशा बुरशांची वाढही मंदावते. औषध नाही, धुरी नाही, नुसतं तोंड घट्ट बंद. म्हणूनच पेव उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही असा दंडक असे. तोंड काही तास उघडं ठेवायचं, मग दोरीला दिवा बांधून आत सोडायचा. दिवा विझला तर थांबायचं. हा दंडक न पाळल्याने माणसं आतच गुदमरून गेल्याच्या गोष्टी पेवाच्या प्रत्येक गावात ऐकायला मिळतात.

पण पेवाची एक बाजू कायम कच्ची राहिली, ती म्हणजे कड. भिंतीतून झिरपणारी ओल पहिल्यांदा कडेच्या आणि तळाच्या धान्याला लागते. तिथे बुरशी धरते, दाणे काळे पडतात, गठ्ठे होतात, कुबट वास येतो. मधलं धान्य चांगलं आणि भोवती सडक्या धान्याची एक साल, असं पेव उघडल्यावर दिसायचं. पाऊसकाळ मोठा झाला की ती साल जाड व्हायची. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं प्रसिद्ध. तिथे २००५ च्या महापुरात पाणी शिरलं आणि त्यातली कितीतरी कायमची निकामी झाली. एवढी पक्की जागा, पण पाण्यापुढे इलाज चालला नाही.

आता माझ्या प्रश्नाकडे येतो. ती कडेची साल कुठे जायची?

जुन्या गावगाड्यात प्रत्येकाचे हक्क ठरलेले होते. सुतार-लोहारांना बलुतं खळ्यावरच मिळायचं. महारांच्या हक्कांची यादी लांबलचक सांगितली जाते, आणि त्यात पेव उघडल्यावर तळाला नि कडेला लागलेल्या धान्याचाही समावेश असे. खळ्यातलं मातेरंही असंच, म्हणजे रास उचलल्यावर जमिनीवर मातीत मिसळून उरलेले दाणे. याला 'हक्क' म्हणायचे! पेव खणायला, भरायला, उपसायला खपणाऱ्यांच्या वाट्याला पेवाची बुरसलेली कड. १९५८ च्या कायद्याने ही वतनं रद्द झाली. पण तोवर किती पिढ्यांनी ते धान्य धुऊन, वाळवून, दळून खाल्लं असेल आणि त्यांच्या पोटात त्याने काय केलं असेल, याची कुठे नोंद असणार? पोटदुखी, कावीळ, अशक्तपणा. गरिबाला काहीतरी होतच असतं, असं म्हणून गाव पुढे गेलं.

घरातली साठवण मात्र वेगळी, आणि ती बायकांच्या हातची. कणगी म्हणजे बांबूच्या, तुरकाट्यांच्या नाहीतर निरगुडीच्या फोकांची विणलेली उभी टोपली, आतून-बाहेरून शेणामातीने लिंपलेली. ती कधी थेट जमिनीवर ठेवायची नाही, खाली दगड किंवा फळ्या हव्यात. वाड्यांमध्ये बळद असे, भिंतीला लागून बांधलेली धान्याची बंदिस्त खोली. वरून ओतायचं, खालच्या भोकाचा बोळा काढून हवं तेवढं घ्यायचं. म्हणजे जुनं धान्य आधी बाहेर पडणार. आजच्या गोदामवाल्यांना जे शिकवावं लागतं ते त्या बोळ्यात आपोआप होतं. बियाणाची कणसं चुलीच्या वर टांगायची, धुराने ती कोरडी राहत. बियाणात राख कालवायची, धान्यात कडुनिंबाचा पाला घालायचा.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, कारण व्हॉट्सअॅपवर हल्ली कडुनिंबाचं फारच कौतुक फिरतं. निंबाचा पाला आणि राख ही मुख्यतः किड्यांसाठी. बुरशीला त्यांचा धाक जेमतेम. फायदा होतो तो आडून. किडे कमी म्हणजे धान्य तापणं कमी, आणि तापणं कमी म्हणजे ढिगातली ओल कमी. पण ओल्या ज्वारीत पोतंभर पाला घातला तरी ती काळी पडायची राहणार नाही. (आणि पालाही नीट वाळलेलाच हवा, नाहीतर आपणच ओल आत घातल्यासारखं.)

मग बुरशीवर खरा इलाज कुठला होता? आमची आजी धान्य भरायच्या आधी दोन दाणे दाताखाली धरायची. 'कट्' असा आवाज आला तर भरायचं. दाणा दबला, नुसता चेपला, तर पुन्हा उन्हात. आज मोजायचं यंत्र मिळतं आणि पुस्तकात लिहिलेलं असतं की ज्वारी-बाजरीत साठवताना ओलावा दहा ते बारा टक्क्यांच्या आत हवा. त्या 'कट्'चा अर्थ साधारण तोच. बुरशीला वाढायला दाण्यातलं पाणी लागतं. ते काढून घेतलं की तिचे बीजाणू आसपास कितीही असोत, निपचित पडून राहतात. म्हणजे बुरशीची लढाई कणगीत नाही, खळ्यावर आणि अंगणात, धान्य आत जायच्या आधी जिंकायची किंवा हरायची असते.

नगर जिल्ह्याला या लढाईत निसर्गाची मोठी साथ होती. पश्चिमेचा अकोले तालुका सोडला तर जिल्हा अवर्षणाचा. पण शिव्या खाणारा हा कोरडेपणाच धान्याला मानवायचा. आमच्या दक्षिण भागाची, म्हणजे कर्जत, जामखेड, श्रीगोंदे, पारनेरकडची मुख्य ज्वारी रब्बीची. काळ्या रानात सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरायची, जमिनीतल्या ओलीवर ती वाढते, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी. तेव्हा आभाळ निरभ्र, ऊन कडक, हवेत दमटपणा नाही. मालदांडीचं टपोरं मोत्यासारखं दाणं म्हणतात ना, त्यात वाणाचा गुण आहेच, पण काढणीच्या महिन्याचाही आहे. कोरड्यात पिकलं, कोरड्यात मळलं, कोरडंच भरलं.

बाजरीचं मात्र तसं नाही. ती खरिपाची, परतीच्या पावसात सापडणारी. तिच्यावर शेतातच अरगट येतो. कणसातून मधासारखा चिकट स्राव गळतो आणि पुढे दाण्याच्या जागी काळपट गाठी बनतात. त्या विषारी असतात. १९७५ साली राजस्थानात असली बाजरी खाऊन लोक आजारी पडले होते. यावर कृषी खात्याने सांगितलेला उपाय किती साधा आहे बघा: बियाणं वीस टक्के मिठाच्या पाण्यात टाकायचं, हलक्या गाठी वर तरंगतात, त्या काढून जाळायच्या, खालची बाजरी स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवायची.

हे सगळं शहाणपण असूनही ते वापरायला हाताशी धान्य, वेळ आणि जागा लागते. नगरच्या शेतकऱ्याकडे ती कितपत होती? १२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात सावकारांविरुद्ध दंगा झाला आणि पाहता पाहता नगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदे, कर्जत, नगर या तालुक्यांतल्या गावांत पसरला. लोकांनी कर्जरोखे हिसकावून जाळले. इतिहासाच्या पुस्तकात आपण हे 'दख्खनचे दंगे' म्हणून दोन मार्कांसाठी पाठ केलं. पण त्याकडे कोठाराच्या बाजूने बघा. ज्याच्या डोक्यावर देणं आहे त्याचं धान्य खळ्यावरूनच जातं. त्याला उन्हं देत बसायला सवड नाही, भाव चढेपर्यंत थांबायला पेव नाही. थांबणं परवडतं ते ज्याच्याकडे कोरडी जागा आहे त्याला. १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, पण त्याआधी १८७६-७८ चा भयंकर दुष्काळ येऊन गेला होता. त्या दुष्काळात माणसं काय काय खात होती हे वाचवत नाही. बुरसलेली ज्वारी त्यात अगदीच साधी गोष्ट.

विसाव्या शतकात पेवं हळूहळू बुजली. प्रवरेवर भंडारदऱ्याचं धरण १९२६ ला पुरं झालं, कालव्यांखाली ऊस आला, १९५० मध्ये प्रवरानगरचा सहकारी कारखाना सुरू झाला. बागायती पट्ट्यात कित्येक ठिकाणी जमिनी पाणथळ झाल्या. अशा जमिनीत पेव टिकणं कठीणच. ज्वारीची जागा उसाने घेतली तिथे साठवायचं तरी काय? मग १९७२ चा दुष्काळ आला. आमच्या आधीच्या पिढीतल्या कुणालाही विचारा, अमेरिकेहून आलेली लाल मिलो ज्वारी आणि खडीच्या कामावरची सुकडी अजून तोंडात आहे म्हणतील. त्या दुष्काळाने कणग्या तळापासून खरवडल्या. त्यानंतर रेशनच्या धान्याची सवय लागली आणि वर्षावर्षाचं भरून ठेवायची रीत सैल झाली, असा माझा आपला अंदाज.

याच सुमारास ज्वारीच्या बाबतीत आणखी एक बदल घडत होता. १९६४ साली सीएसएच-१ हा देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण आला. वसंतराव नाईकांच्या मुख्यमंत्रिपदाच्या काळात (१९६३ ते १९७५) महाराष्ट्रात हायब्रीडचा मोठा प्रसार झाला. उत्पन्न खरोखरच वाढलं, आणि ज्यांनी उपास काढले होते त्यांना त्याची किंमत कळत होती. पण खरिपाच्या जुन्या उंच ज्वाऱ्या पाऊस सरल्यावर, थंडीच्या तोंडावर पक्व होत. हायब्रीड लवकर तयार व्हायचं, म्हणजे नेमकं पाऊस चालू असताना. दाणा भरतोय आणि वरून सरी. कणसातच बुरशी धरायची, दाणा काळा-गुलाबी व्हायचा. 'काळी पडलेली ज्वारी' हा शब्दप्रयोग त्यानंतर वर्तमानपत्रांत जवळजवळ दरसाल दिसू लागला. सरकारने ती विकत घ्यावी म्हणून आंदोलनं, घेतली की ठेवायची कुठे, मग लिलाव. पुढे २००७ साली धान्यापासून मद्यार्क काढणाऱ्या कारखान्यांना राज्य सरकारने अनुदान देऊ केलं तेव्हाही एक कारण हेच सांगितलं गेलं की काळ्या ज्वारीचं करायचं काय. त्यावर केवढा वाद झाला ते आठवत असेलच.

'हायब्रीड' ही आपल्याकडे एक शिवीच झाली. मला ते पूर्ण पटत नाही. पोटभर भाकरी देणाऱ्या पिकाला नावं ठेवणं पोट भरलेल्यांना सोपं असतं. पण एक खरं. जुन्या वाणांत पिकायची वेळ हीच बुरशीवरची दवा होती, आणि उत्पन्नाच्या नादात ती दवा आपण काढून टाकली.

बुरशीचं विष म्हणजे काय हे जगाला तेव्हा नुकतंच कळत होतं. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखावर टर्की पक्षी पटापट मेले. शोध घेता घेता गाडी त्यांच्या खाद्यातल्या, ब्राझीलहून आलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीपाशी आली. पेंडीत अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी होती, आणि तिच्या विषाला नाव मिळालं अफ्लाटॉक्सिन. हे विष यकृतावर घाव घालतं, वर्षानुवर्षं थोडं थोडं पोटात गेलं तर यकृताचा कर्करोग होऊ शकतो. आणि ते नेहमीच्या शिजवण्या-भाजण्याने जात नाही. दाणे धुतले, वरची काळी पूड गेली, भाकरी तव्यावर फुगली, तरी विष पुष्कळसं तसंच.

मग १९७४ उजाडलं. गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात, भिल्ल वस्त्यांमध्ये, कावीळ आणि पोटात पाणी होण्याची साथ आली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या डॉक्टरांनी छडा लावला. अवकाळी पावसात भिजलेला मका लोकांनी तसाच साठवला होता, आणि दुसरं काही नव्हतं म्हणून तोच खाल्ला होता. ३९७ जण आजारी पडले, १०६ जण मेले. त्या घरांतली कुत्रीही तशीच पोट फुगून मेली, कारण तीही त्याच भाकरीच्या तुकड्यांवर जगत होती. १९९५ साली दख्खनच्या पठारावर, आपल्या शेजारच्या कर्नाटक-आंध्रकडच्या खेड्यांत, भिजलेली ज्वारी आणि मका खाऊन पोटदुखी आणि जुलाबाची साथ झाली. पन्नास गावं तपासली, त्यातल्या २७ गावांत रोगी सापडले. या वेळी विष होतं फ्युमोनिसिन, फ्युजॅरियम नावाच्या बुरशीचं.

दोन्ही ठिकाणी पाऊस सगळ्यांवर सारखाच पडला होता. ज्याच्याकडे जुनं कोरडं धान्य शिल्लक होतं, किंवा विकत घ्यायला पैसे होते, तो वाचला. म्हणजे पेवाची कड पुन्हा त्याच घरांत गेली, फक्त आता तिला कुणी हक्क म्हणत नव्हतं.

आता आजचं बघू. आज काळी ज्वारी आपण खातो का? बहुतेक घरांत नाही. मग काय करतो? "गुरांना घाला." मी लहानपणापासून हेच ऐकत आलोय, आणि ऐकताना त्यात काही चुकतंय असं कुणालाच वाटत नाही. वाया काही घालवायचं नाही हा संस्कार चांगलाच, पण इथे तो उलटतो. बुरसलेली ज्वारी, मका, सरकी पेंड किंवा हवा शिरून पांढरी-हिरवी झालेला मुरघास गाईने खाल्ला, तर अफ्लाटॉक्सिनचा काही भाग रूप बदलून एक-दोन दिवसांत दुधात उतरतो. त्याला एम-१ म्हणतात. दूध उकळून तो जात नाही. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये देशभरातले दुधाचे ६,४३२ नमुने तपासले. त्यात पाण्याची आणि युरियाची भेसळ शोधायला गेलेल्यांना मोठी काळजी सापडली ती या एम-१ ची: ३६८ नमुने, म्हणजे ५.७ टक्के, मर्यादेच्या वर.

आपला जिल्हा दुधाचा. संगमनेर, राहाता, कोपरगाव, राहुरी... पहाटे डेअरीच्या दारात किटल्यांची रांग नाही असं गाव सापडायचं नाही. आणि दूध सर्वांत जास्त कोण पितं? घरातली लहान मुलं. जी ज्वारी आपण त्यांच्या ताटात वाढली नसती, तीच गोठ्यातून फिरून त्यांच्या पेल्यात येते. पेवाची कड एवढा लांबचा वळसा घेईल असं त्या जुन्या गावगाड्यालाही वाटलं नसेल.

निराश व्हायचं कारण नाही, कारण या बाबतीत चांगली उदाहरणंही आपल्याच जिल्ह्यात आहेत. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीत १९८० साली अण्णा हजारेंनी देवळात धान्य बँक सुरू केली. ज्याला जास्त पिकलं त्याने धान्य द्यायचं, अडलेल्याने न्यायचं, आणि पुढच्या सुगीला थोडं वाढवून परत करायचं. सावकाराचा रस्ता तिने बंद केलाच, पण मला त्यात साठवणुकीचं शहाणपणही दिसतं. असं धान्य एका जागी पडून राहत नाही. बळदीच्या बोळ्यासारखं ते जुनं बाहेर, नवं आत असं फिरत राहतं. आणि अडलेल्या माणसापुढे खराब धान्य खाण्याशिवाय दुसरी वाट उरते.

दुसरं उदाहरण अकोल्याचं, म्हणजे जिल्ह्याच्या पावसाळी टोकाचं. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, ज्यांना २०२० ची पद्मश्री जाहीर झाली. जिथे महिनोन् महिने सूर्य दिसत नाही अशा डोंगरी भागात त्यांनी शेकडो गावठी बियाणं राखून दाखवली. मातीची मडकी, राख, शेणाने सारवलेलं कोरडं घर. तिथे काहीच आपोआप कोरडं राहत नाही, सगळं राखावं लागतं.

हे राखणं आता आपणा सगळ्यांना शिकावं लागणार आहे. रब्बीच्या निरभ्र काढणीचा जो भरवसा वर सांगितला, त्यालाच तडा जातोय. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर गारपीट झाली तेव्हा उभी ज्वारी झोपली, काढलेली खळ्यावर भिजली. तेव्हापासून मार्चमधला पाऊस ही काही नवलाई राहिलेली नाही. ज्या कोरड्या महिन्यावर पिढ्यान् पिढ्या बिनधास्त राहिल्या, तो महिना आता आपला राहिलेला नाही.

म्हणून गावाकडच्या मंडळींसाठी थोडं कामाचं. कणसं काढल्यावर ढीग करून झाकू नका, पसरा. मळल्यावर ज्वारी जमिनीवर वाळवू नका, ताडपत्री घ्या, कारण ही बुरशी मातीतच राहते. दाताखाली 'कट्' वाजेपर्यंत ऊन द्या. उन्हातून उचलून गरम धान्य तसंच पत्र्याच्या कोठीत भरू नका. रात्री पत्रा गार पडतो, झाकणाला आतून घाम सुटतो आणि वरचा थर बुरसतो. आधी सावलीत निवू द्या. कोठी भिंतीला चिकटवू नका, खाली फळी द्या. पोतं फुटकं, काळं-पांढरं डाग पडलेलं असेल तर त्यात नवं धान्य घालू नका. सेल्फॉसच्या गोळ्या राहत्या घरात तर नकोच; त्या किड्यांसाठी असतात, बुरशीवर चालत नाहीत, आणि त्यांचा वायू माणसांचा जीव घेतो. हवाबंद प्लॅस्टिकच्या पिशव्या आता मिळतात. त्यांचं तत्त्व तेच, पेवाचं: हवा बंद, किडे गप्प. फक्त पेवासारखी कड ओलावत नाही. पण त्यांतही धान्य कोरडंच जायला हवं, नाहीतर पिशवी म्हणजे नुसतं नवं पेव.

आणि एवढं सगळं करूनही एखादं वर्ष पाऊस गाठतोच. थोडी ज्वारी काळी पडते, बुरशी धरते. तेव्हा ती वेगळी काढा आणि खड्ड्यात पुरा. दारच्या मजुराला "घेऊन जा" म्हणून देऊ नका, गव्हाणीत टाकू नका, कोंबड्यांपुढे फेकू नका. चार पायली धान्य मातीत घालताना जीव तुटतो, मान्य. पण हजारो वर्षांत या धान्याला प्रत्येक वेळी कुणाचं ना कुणाचं तोंड सापडलं आहे. आपल्या घरापुरतं तरी ते सापडू द्यायचं नाही, एवढं ठरवू या.